ज्येष्ठांच्या वर्गात परीक्षा असावी का? (की नुसतंच 'वा काका वा'?)

पेन्शनीतला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. (नको, सांभाळून घेऊ नका. धागा त्याबद्दलच आहे.)

वय ६७. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष कपाटं आवरण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी घरचे म्हणाले कपाटं पुरे आता, काहीतरी शिका. मग तीन क्लास लावले. पहिला मोबाइलचा. शिकवणारा मुलगा गुणी होता पण मी अडलो रे अडलो की "द्या काका, मी करून देतो" म्हणून फोन हातातून घ्यायचा, अंगठा तीनदा भर्रकन फिरवायचा, की झालं. काम व्हायचं, मी तिथेच. दुसरा चित्रकलेचा, तिथे गप्पा फार, रंग कमी. तिसरा उर्दू लिपीचा, तो चालू आहे आणि मनापासून आवडतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उर्दूत ब, प, त ही अक्षरं एकटी असली की होडीसारखी दिसतात, पण शब्दात पुढच्या अक्षराला जोडली की होडी मोडते आणि नुसता एक दात उरतो. मग सगळा कारभार नुक्त्यांवर, म्हणजे ठिपक्यांवर. दाताखाली एक नुक्ता म्हणजे ब, दोन म्हणजे य, तीन म्हणजे प. वर एक म्हणजे न, दोन म्हणजे त, तीन म्हणजे एका प्रकारचा स. म्हणजे एका ठिपक्याने अर्थाचा अनर्थ.

गेल्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी दहा शब्द सांगून लिहायला लावले. माझी वही बघून म्हणाल्या "वा काका! या वयात एवढं म्हणजे कमालच!" घरी येऊन मी पुस्तकाशी ताडून बघितलं, दहापैकी चार चूक. 'तार' लिहायला सांगितलं होतं, मी 'नार' लिहून आलो होतो. पुढच्या तासाला विचारलं, बाई तुम्ही चूक का दाखवली नाही, तर म्हणाल्या ज्येष्ठांना टेन्शन नको म्हणून आम्ही परीक्षा वगैरे ठेवत नाही.

मला राग नाही आला, पण काहीतरी लागलं. प्रश्न असा, की म्हातारपणी शिकणाऱ्यांना परीक्षा हवी का नको? अनुभव सांगा.

रिकामटेकडी
नको!!! मी ६२ ची आहे आणि मला अजून स्वप्नात गणिताचा पेपर येतो. हॉल सापडत नाही, पेन चालत नाही, सगळ्या जगाचा पेपर लिहून झालाय. आत्ता कुठे कोणी मार्क विचारत नाहीये, तुम्ही परत घंटा वाजवताय.

अडाणी_नंबर_१
परीक्षा ठेवा पण पालकसभा ठेवू नका. आमचे चिरंजीव येतील आणि तीस वर्षांचा हिशेब एका बैठकीत चुकता करतील.

खडूफळा
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण ती 'वा काका' म्हणणारी बाई मीच आहे. म्हणजे तुमची नाही, पण त्याच जातकुळीतली. शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, आता ज्येष्ठांना इंग्रजी बोलायला शिकवते.

सुरुवातीला मी शाळेसारखंच करायचे. एक गृहस्थ होते, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, अतिशय हुशार. त्यांच्या निबंधावर मी सवयीने लाल पेनने नऊ गोल केले. त्यांनी वही बंद केली, शांतपणे पिशवीत ठेवली, आणि परत आले नाहीत. फोन केला तर म्हणाले तब्येत बरी नाही. तब्येतीला धाड भरली नव्हती, दुसऱ्या दिवशी मी त्यांना रस्त्यात ताड ताड चालताना पाहिलं. नऊ गोल भोवले. मुलाला लाल गोल केला तर तो दोन मिनिटं रुसतो आणि विसरतो. चाळीस वर्षं ज्यांची सही झाल्याशिवाय कागद हलत नव्हता त्यांना गोल करणं म्हणजे वेगळंच प्रकरण. तेव्हापासून मी 'छान'वाली झाले.

पण पेन्शनीतला यांचा धागा वाचून आज जरा खटकलं, हे कबूल करते. आमचं कौतुक बऱ्याचदा स्वतःच्या सोयीसाठी असतं. वर्ग टिकायला हवा ना.

पेन्शनीतला
@खडूफळा, ताई, मी ते गृहस्थ नाही. मला गोल करा. हवं तर हिरव्या पेनने करा.

तिसरी_घंटा
या वादाला पन्नास वर्षं झाली आहेत म्हटलं तरी चालेल. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूज शहरात पिएर वेलास नावाच्या प्राध्यापकांनी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू केलं. पहिलं वय शिकण्याचं, दुसरं कमावण्याचं, तिसरं हे. तिथे विद्यापीठच चालक, प्राध्यापक येणार, व्याख्यान देणार, ज्येष्ठ मंडळी ऐकणार. मग ८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली आणि तिथे पीटर लॅस्लेट, मायकेल यंग, एरिक मिडविंटर या तिघांनी तिचं रूपच पालटलं. ते म्हणाले प्राध्यापक कशाला हवेत? निवृत्त माणसांमध्येच डॉक्टर, सुतार, इतिहासवाले, बागकामवाले सगळे असतात. आज मी शिकवतो तू शीक, उद्या उलटं. प्रवेशाला अट नाही, परीक्षा नाही, पदवी नाही.

म्हणजे परीक्षा नको हे काही 'बिच्चारे म्हातारे' म्हणून नव्हतं, ते तत्त्व होतं. शिकायचं ते शिकण्यासाठी, कागदासाठी नाही. पण तुमच्या बाई म्हणतात ते 'टेन्शन नको' हे तत्त्व नाही, ती कीव आहे. दोन्हीत परीक्षा नसते, तरी जमीन-अस्मानाचा फरक.

अवांतर: अमेरिकेत १९७५ मध्ये एल्डरहॉस्टेल सुरू झालं. उन्हाळ्यात कॉलेजची हॉस्टेलं रिकामी असतात, तर ज्येष्ठांनी तिथे जाऊन राहायचं, आठवडाभर तास करायचे, मेसमध्ये जेवायचं. मला हे फार आवडतं.

अडाणी_नंबर_१
हॉस्टेल म्हणजे रात्री दोनपर्यंत गोंधळ आलाच. फक्त इथे प्रत्येक जण बाथरूमला उठल्यामुळे.

मधल्यामधे
आईसाठी हा धागा कामाचा आहे. ती ७०, बाबा गेल्यापासून एकटी पडलीये. तिचा वेळ जावा म्हणून एखादा हलकाफुलका क्लास लावायचा विचार आहे, फार डोक्याला ताप नको असा. सुचवा ना कोणीतरी.

आजीची_पर्स
@मधल्यामधे, राग मानू नकोस बाळा, पण आईला विचारलंस का? 'वेळ जावा म्हणून', 'हलकाफुलका', 'डोक्याला ताप नको'. एका वाक्यात तीन फटके मारलेस. मी ७२ ची. माझा वेळ जाण्याचा प्रश्नच नाही, तो आपणहून धावतोय, मला तो धरायचाय.

माझी गोष्ट सांगते. मला बीजगणित कधी पुढे शिकता आलं नाही, लग्न झालं आणि तिथेच पुस्तक मिटलं. आता नातवाला सांभाळते, क्लासला जायला वेळ मिळत नाही कारण सगळे क्लास नेमके त्याच्या शाळेतून यायच्या वेळेला. मग तो झोपला की मी त्याच्या मोठ्या बहिणीचं आठवीचं पुस्तक काढते. एकदा एक समीकरण चार दिवस सुटेना. चौथ्या दिवशी कळलं की उणे चिन्ह कंसाबाहेर असलं की आतलं सगळं उलटं होतं आणि मी फक्त पहिलंच पद उलटं करत होते. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात उभ्याने हसले. डोक्याला ताप होता म्हणून तर मजा आली!

आणि हो, उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाच्या मागे बघून मीच तपासते. उत्तरांची पानं हे माझे परीक्षक, ते कधी 'वा आजी' म्हणत नाहीत.

मधल्यामधे
चुकलंच माझं. आत्ता फोन केला. तिला पोहायला शिकायचंय म्हणे! आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

शंकासूर
सगळे छान छान बोलताहेत म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. हे क्लासवाले सर्रास सांगतात की नवीन काही शिकलात तर विस्मरणाचा आजार होणार नाही. असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या २,८३२ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे पहिले निष्कर्ष २००२ ला आले. काहींना स्मरणशक्तीचा सराव दिला, काहींना तर्काचा, काहींना झटपट बघून ओळखण्याचा. ज्याचा सराव दिला ते सुधारलं, बाकीचं होतं तिथेच. म्हणजे शब्दकोडी सोडवून माणूस शब्दकोडी सोडवण्यात पटाईत होतो, चष्मा कुठे ठेवला ते त्याने आठवत नाही.

रिकामटेकडी
चष्मा डोक्यावर असतो हो. त्याला प्रयोग कशाला.

तिसरी_घंटा
@शंकासूर, निम्मं पटलं. पण २०१४ चा अजून एक अभ्यास आहे, डेनिस पार्क यांच्या गटाचा. त्यात ज्येष्ठांना तीन महिने, आठवड्याला पंधराएक तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीसारखं शिवणकाम अगदी पहिल्यापासून शिकवलं. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ गप्पा, खेळ, सहली केल्या. नवीन अवघड गोष्ट शिकणाऱ्यांची आठवण गप्पावाल्यांपेक्षा सुधारली. आजार टळतो असं त्यात कुठेही नाही, बरोबर. पण 'हलकाफुलका' आणि 'अवघड' यात फरक पडतो एवढं तरी दिसतं. आणि आठवड्याला पंधरा तास म्हणजे किती ते बघा, आपण एक तास जातो आणि त्यातला पाव तास चपला काढण्यात.

शंकासूर
मान्य. तेवढं तरी मान्य.

कान_देऊन
बऱ्याच उशिरा आलो. माझं काम श्रवणयंत्रांचं, त्यामुळे मला हा धागा वेगळाच दिसतोय. निम्म्या वेळा 'आजोबांना समजत नाही' असं जे वाटतं ते समजण्याचं नसतंच, ऐकू येण्याचं असतं.

वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, क असली व्यंजनं पुसट होतात. म्हणून माणूस म्हणतो "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत", आणि घरचे ओरडून बोलायला लागतात, ज्याने काहीच होत नाही, स्वरच मोठे होतात. त्यात पंखा घरघरतोय, खोलीत आवाज घुमतोय आणि शिकवणारा फळ्याकडे तोंड करून बोलतोय, की संपलं. पेन्शनीतला काका, तुमच्या बाईंनी 'तार' म्हटलं आणि तुम्ही 'नार' लिहिलंत, ते नुक्ता विसरल्यामुळे की ऐकू वेगळं आल्यामुळे? एकदा कान तपासून घ्या. विनोद करत नाहीये. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये विस्मरणाच्या आजाराशी जोडलेली जी चौदा टाळता येण्याजोगी कारणं मांडली त्यात कमी ऐकू येणं आहे, आणि त्या वर्षी त्यात दृष्टिदोषाचीही भर पडली.

डोळ्यांचंही तेच. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. एक ट्यूबलाइट लावून बारीक छापलेल्या नोट्स वाटायच्या आणि वर म्हणायचं यांचं लक्ष नसतं.

खडूफळा
बापरे. मी कायम फळ्याकडे तोंड करून बोलते. अठ्ठावीस वर्षांची सवय.

बोटावर_मोजण्याइतका
मोबाइलच्या मुद्द्यावर, कारण तो राहून गेला. मी ज्येष्ठांना मोबाइल शिकवतो (फोन हिसकावणारा मी नाही, आईशप्पथ). दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, वयाने बोटांची कातडी कोरडी होते आणि पडदा स्पर्श ओळखत नाही. मग माणूस जोरात दाबतो. जोरात दाबलं की बोट जास्त वेळ टेकतं, फोनला वाटतं हे 'दाबून धरणं' आहे, आणि चिन्हं थरथरायला लागतात किंवा भलताच मेनू उघडतो. मग आजी घाबरून फोन उशीखाली. यात आजींची चूक काहीच नाही. बऱ्याच फोनमध्ये सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'दाबून धरण्याचा वेळ' वाढवता येतो, तो 'लांब' करून ठेवा. कॉम्प्युटरवर डबल क्लिक जमत नसेल तर माउसच्या सेटिंगमध्ये त्याचा वेग कमी करता येतो. माझ्याकडे एक काका डबल क्लिक जमत नाही म्हणून दोन महिने स्वतःला ढ समजत होते. वेग कमी केला, पहिल्या फटक्यात फाइल उघडली. माझ्याकडे असं बघितलं की मी दोन महिने त्यांच्यापासून काहीतरी लपवलं होतं. लपवलंच होतं म्हणा, मलाच तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट. मी क्लासमध्ये नियम केलाय, शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. शिकणाऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही, तोंडानेच सांगायचं. पहिल्या दिवशी जीव जातो अक्षरशः, हात शिवशिवतात.

अडाणी_नंबर_१
हात पाठीमागे हा नियम नवऱ्याला गाडी शिकवताना बायकांनी आणि उलटही पाळावा. हलके घ्या.

रिकामटेकडी
मला ते पेपरात येतं त्याचा कंटाळा आलाय. 'नव्वदीच्या आजींनी परीक्षा दिली!!' आणि खाली फोटो. सर्कस करतात हो. कोणी त्या आजींना विचारत नाही की धड्यात काय होतं.

आजीची_पर्स
सर्कस करतात हे खरंय. पण मला मात्र त्या केरळच्या कार्त्यायनी अम्मांची बातमी वाचून रडू आलं होतं. २०१८ ला, ९६ व्या वर्षी, साक्षरतेच्या परीक्षेत १०० पैकी ९८. तू म्हणतेस परीक्षा नको. जिला कधी शाळेतच घातलं नाही तिला परीक्षेला बसायला मिळणं हाच मान असेल. तुला पेपरची स्वप्नं पडतात कारण तुला पेपर द्यायला मिळाले. केनियात किमानी मारुगे नावाचे आजोबा २००४ मध्ये ८४ व्या वर्षी पहिलीत जाऊन बसले होते, चिमुरड्या पोरांच्या शेजारी. त्यांना कोणी म्हणालं असतं आजोबा तुम्हाला पेपर माफ, तर त्यांना ते आवडलं असतं का?

रिकामटेकडी
हं. या बाजूने विचार नव्हता केला. (स्वप्न तरीही पडणारच.)

शंकासूर
मग दोन गट करा, कागद हवा त्यांना परीक्षा, नको त्यांना गप्पा. धागा संपला.

खडूफळा
नाही संपला. दोन दिवस डोक्यात घोळत होतं म्हणून परत लिहिते. आपण 'परीक्षा' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतोय. एक म्हणजे दुसऱ्याने मोजमाप करणं, पहिला नंबर, नापास, ते सगळं. दुसरी म्हणजे पुस्तक मिटून स्वतःला विचारणं, बघू आठवतंय का. ही दुसरी तर शिकण्याचाच भाग आहे. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितला होता. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे! ती कॉलेजची मुलं होती, ज्येष्ठ नव्हते, पण वर्गात मला जे दिसतं त्याच्याशी जुळतं. आमची मंडळी वही वाचून 'हो हो येतंय' म्हणतात आणि वही मिटली की पाटी कोरी.

तर काल मी करून बघितलं. फळ्याला पाठ केली (कान_देऊन, धन्यवाद), पंखा बंद, आणि सांगितलं, मागच्या वेळचे आठ शब्द आठवतील तसे लिहा, मी बघणार नाही, वही स्वतःच तपासा. पाच मिनिटं चिडीचूप. मग एक काकू म्हणाल्या "मॅडम, माझे तीनच आले". शेजारचे म्हणाले "माझे दोन". आणि मंडळी हसायला लागली. लाल गोल एकही नाही. तासानंतर अर्धा वर्ग तिथेच थांबून एकमेकांना शब्द विचारत होता, मला कुलूप लावायचं होतं तरी.

तिसरी_घंटा
ताई, हे म्हणजे ब्रिटिश पद्धतच झाली की, एकमेकांनी एकमेकांना. प्रतिसाद फार आवडला.

पेन्शनीतला
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. हिशेब देतो.

कान तपासले. उंच पट्टीत दोन्हीकडे कमी आहे, डावा जास्त. यंत्र लावायला सांगितलंय. म्हणजे 'नार' मध्ये थोडा कानाचाही हात होता, हे कान_देऊन यांचं बरोबर निघालं. पण बाकीचे तीन शब्द निव्वळ नुक्त्यांमुळे चुकले, ते माझ्याच नावावर.

बाईंशी बोललो. खडूफळा ताईंचा प्रयोग त्यांना वाचून दाखवला. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या मला खरं तर दाखवायचं होतं पण तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे, जीभ रेटत नाही. मग ठरलं असं, त्यांनी शब्द सांगायचे, मी लिहायचे, आणि चुकीच्या दाताखाली त्यांनी फक्त एक बारीक फुली मारायची, काय चुकलं ते मीच शोधायचं. काल दहापैकी दोन फुल्या. एक मी शोधली. दुसरी अजून सापडलेली नाही, वही समोरच आहे.

अडाणी_नंबर_१
काका परीक्षा हवी म्हणत होतात ना? घ्या. मी पण थोडं उर्दू शिकलोय. दात, त्याखाली तीन नुक्ते, मग अलिफ (बाकीच्यांसाठी: 'आ'ची उभी रेघ), मग पोटात एक नुक्ता असलेली खोलगट वाटी. ओळखा. वेळ दोन मिनिटं, कॉपी करायची नाही.

पेन्शनीतला
पान.

अडाणी_नंबर_१
बरोबर. पुढचा. दात, खाली दोन नुक्ते, अलिफ, मग शेवटी रे.

पेन्शनीतला
बार. नाही नाही थांबा. एक असता तर ब. दोन म्हणजे य. यार.

अडाणी_नंबर_१
आधी चूक, मग बरोबर. अर्धा मार्क कापला.

पेन्शनीतला
कापा.